परदेशचा पगार आणि आजारपणाचा हिशेब



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला येथे बोलावले, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. मी विद्वान नाही. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण कामगारांच्या सभांत आणि त्यांची पगारपत्रके वाचता वाचता झाले. तेव्हा आजचा विषयही मी पगारपत्रकाच्या बाजूनेच मांडणार आहे.

पोटासाठी घाट उतरणे ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. आपली माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली, पुढे आखातात बांधकामावर गेली. आता तिसरी वाट निघाली आहे. मालक एका देशात, काम करणारा दुसऱ्या देशात, आणि दोघांच्या मध्ये फक्त संगणक. आपली मुले याला ‘रिमोट’ काम म्हणतात. असे काम मिळालेला मुलगा किंवा मुलगी परदेशी राहावयास निघाली म्हणजे घरात पगाराची चर्चा होते, घरभाड्याची होते, विमानाच्या तिकिटाची होते. आजारी पडल्यास दवाखान्याचे बिल कोणी भरावयाचे, हा प्रश्न बहुधा शेवटी येतो, कित्येकदा येतच नाही. माझे म्हणणे असे की हा प्रश्न पहिला विचारला पाहिजे. त्याचे उत्तर मिळेपर्यंत पगाराचा आकडा पुरा झालाच नाही असे समजावे.

याला इतिहास आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरखाते सांभाळीत असताना, १९४४ साली, प्रा. बी. पी. अडारकर यांनी कारखान्यांतील कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल सादर केला. त्याच पायावर १९४८ चा राज्य विमा कायदा झाला. १९५२ साली कानपूर व दिल्ली येथे आणि १९५४ साली मुंबईत योजना सुरू झाली. तिचे तत्त्व साधे होते. कामगाराने थोडे भरावे, मालकाने जास्त भरावे, आणि आजारपणात दवाखाना व काही पगार दोन्ही मिळावे. १ जुलै २०१९ पासून ठरलेले दर पाहा: मालकाचे शेकडा ३.२५, कामगाराचे शेकडा ०.७५. हा मालकाचा वाटा कोणी दान म्हणून दिलेला नाही. तो श्रमाच्या मोबदल्याचाच भाग आहे.

पण या विम्याला हद्द होती. दवाखाना योजना लागू झालेल्या भागात. परळला विमा कामगारांचे मोठे रुग्णालय होते. पण गिरणीवाला गावी येऊन अंथरुणाला खिळला, तर ते परळचे रुग्णालय त्याच्या काय कामाचे? येथून कोल्हापूर पंचावन्न किलोमीटर, सी.पी.आर. गाठेपर्यंत जीव टांगणीला. तेव्हा विम्याविषयी दोन गोष्टी आपल्या बापजाद्यांना अनुभवाने ठाऊक होत्या: तो मालकाला बांधलेला असतो, आणि तो जागेला बांधलेला असतो. रिमोट काम करणाऱ्याचा मालक एकीकडे आणि जागा दुसरीकडे. म्हणून त्याची दोन्ही टोके सुटण्याचा संभव असतो.

आता निरनिराळ्या देशांत काय चालते ते पाहू. जर्मनीत १८८३ पासून कामगारांचा आरोग्यविमा आहे. तेथील मूळ दर पगाराच्या शेकडा १४.६, निम्मा मालक भरतो, निम्मा कामगार. वर प्रत्येक विमा-संस्थेचा थोडा जादा हप्ता असतो, तोही निम्मा निम्मा. समजा, पगार महिना ३,००० युरो. मूळ हप्ता झाला ४३८ युरो, त्यांतले २१९ मालकाचे. वर्षाचे २,६२८. आता तेच काम तुम्ही नोकर म्हणून न करता ‘स्वतंत्र कंत्राटदार’ म्हणून केलेत आणि हातात तेच ३,००० युरो घेतलेत, तर मालकाचे वर्षाला २,६२८ युरो वाचले आणि ओझे तुमच्या माथी आले. कागदावर पगार तेवढाच दिसतो. फसगत येथेच होते.

इंग्लंडची तऱ्हा वेगळी. तेथे सरकारी आरोग्यसेवा १९४८ पासून आहे. परंतु बाहेरून राहावयास येणाऱ्यांपैकी बहुतेकांना व्हिसाच्या वेळीच आरोग्य-अधिभार भरावा लागतो. ६ फेब्रुवारी २०२४ पासून तो प्रौढ माणसास वर्षाला १,०३५ पौंड आणि अठरा वर्षांखालील मुलास ७७६ पौंड असा ठरला. नवरा, बायको आणि एक मूल यांचा तीन वर्षांचा व्हिसा असेल, तर ८,५३८ पौंड निघण्यापूर्वीच मोजावे लागतात. पुढे रुग्णालयात उपचार मिळतात हे खरे, पण ही रक्कम प्रवासखर्चात धरली नाही तर कर्ज काढण्याची पाळी येते.

आणि दुबई. आपल्याच तालुक्यातले दोन तरुण तेथे गेले अशी कल्पना करा. एक गवंडी, दहावी नापास. दुसरा पदवीधर, संगणकावर काम करणारा, पगार चौपट. दोघांत विम्याने सुरक्षित कोण? पुष्कळजण म्हणतील, दुसरा. पण दुबईच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे गवंड्याचा आरोग्यविमा त्याच्या तेथील मालकाने काढावयाचा असतो, हप्ता पगारातून कापावयाचा नसतो. शिवाय दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर परवानगीची अट असल्याने निघताना त्याला प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची. २०१७ च्या सुधारणेनुसार दोन वर्षांस २७५ रुपये हप्त्यात अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपये. संगणकवाला मात्र रिमोट कामाच्या व्हिसावर जातो. त्याचा मालक दुबईत नाही, म्हणून मालकावर तेथील कायद्याची सक्ती नाही. विमा त्याने स्वतः काढून व्हिसाच्या अर्जाबरोबर दाखवावयाचा. एस्टोनियाने २०२० साली अशा कामासाठी स्वतंत्र व्हिसा सुरू केला. तेथेही किमान ३०,००० युरोंचा विमा अर्जदारानेच दाखवावयाचा. शिकलेल्या मुलाला पगार जास्त मिळाला, पण गवंड्याच्या मागे उभा असलेला कायदा त्याच्या मागे उभा नाही.

येथे आणखी एक खड्डा आहे. व्हिसापुरता स्वस्त प्रवासविमा काढून पुष्कळजण मोकळे होतात. प्रवासविमा हा बहुतांशी अचानक आलेल्या दुखण्यासाठी असतो. जुना मधुमेह, बाळंतपण, महिनोन्‌महिने चालणारे उपचार हे त्यात बहुधा बसत नाही. प्रवासी चार आठवड्यांनी परततो, त्याला ते पुरते. बिऱ्हाड थाटणाऱ्याला पुरत नाही.

कोणी म्हणेल, “मुलगा तरुण आहे, धट्टाकट्टा आहे, त्याला काय होणार?” तरुणपणीच विमा सहज मिळतो, हे त्याला उत्तर आहे. दुखणे एकदा चिकटले की विमा कंपनी त्याला ‘आधीचा आजार’ म्हणते. म्हणूनच परदेशी जाताना येथील विमा बंद करू नये. १ एप्रिल २०२४ पासून नव्या विम्यात आधीच्या आजारासाठी थांबावयाची मुदत जास्तीत जास्त ३६ महिने आहे. विमा मोडला आणि परत येऊन नवा काढला, तर ही मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाण्याचा धोका असतो. काम सुटले आणि माणूस आजारी होऊन घरी आला, तर त्या वेळी येथला विमाच कामी येईल. मागे राहिलेल्या आईबापांचा विचारही तेव्हाच करावा. मुलाचा परदेशी विमा त्यांना कोल्हापुरात उपयोगी पडणार नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेखाली कोणत्या रुग्णालयात सोय आहे, हे मुलगा निघण्यापूर्वी समजून घ्यावे.

तात्पर्य, करारावर सही करण्यापूर्वी पाच प्रश्न लेखी विचारावेत. मी नोकर की कंत्राटदार? हप्त्यात मालकाचा वाटा किती? विमा कोणत्या देशांत चालतो, भारतात सुटीवर आलो तर चालतो काय? बिलातला किती हिस्सा माझ्या खिशातून जाणार? बायकामुले त्यात आहेत काय? मालक विमा देत नसेल, तर दोन-तीन विम्यांचे वार्षिक हप्ते मांडावेत, प्रत्येकात खिशातून जाणारा हिस्सा मिळवावा आणि ती बेरीज पगारातून वजा करावी. उरेल तो खरा पगार. तेवढा वाढवून मागण्यात कमीपणा काही नाही.

एकट्याने मागितले तर उत्तर काय येते, हे मी तीस वर्षे पाहत आलो आहे. गिरणीवाल्यांना निदान एका फाटकावर जमता येत होते. या मुलांना फाटकच नाही. तरी एकाच कंपनीसाठी काम करणारे दहाजण एकमेकांना पत्र लिहून तीच मागणी एकदम करू शकतात. आपल्या घरातली मुले या वाटेने निघाली असतील, तर हे पाच प्रश्न आज रात्री त्यांच्यापुढे ठेवा, आणि मिळालेली उत्तरे कागदावर लिहून घ्या, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.