मधल्या सुटीचे मोल



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘मधली सुटी’ असे सांगितले. त्यांना वाटले, युनियनचा माणूस कामगारांच्या सुटीवर बोलणार. ते तर आम्ही बोलूच. परंतु आज आमच्या डोळ्यांसमोर जो कामगार आहे, तो सतरा-अठरा वर्षांचा आहे. त्याच्या हाती परीक्षेचे प्रवेशपत्र आहे, आणि त्याची पाळी सकाळी नऊपासून सायंकाळी साडेपाचपर्यंत आहे.

आयआयटीत शिरण्यासाठी ‘जेईई ॲडव्हान्स्ड’ नावाची परीक्षा असते. आधीची ‘मेन’ परीक्षा देऊन वर आलेल्या सुमारे अडीच लाख मुलांनाच तिला बसता येते. २०१८ पासून ती संगणकावर होते. एकाच दिवशी दोन पेपर, प्रत्येक तीन तासांचा. पहिला ९ ते १२, दुसरा २॥ ते ५॥. दोन्ही सक्तीचे, दोन्हींत भौतिक, रसायन आणि गणित, आणि दोन्हींच्या गुणांची बेरीज करून क्रमांक लागतो. दिवस बहुधा उन्हाळ्यातला रविवार. २०२४ साली २६ मे, २०२५ साली १८ मे. वऱ्हाडातला मे महिना कसा असतो, हे या सभेला सांगावयास नको. आपल्या लोणारचा किंवा संग्रामपूरचा मुलगा त्यासाठी अकोला, अमरावती, नागपूर अशा ठिकाणी जातो.

दोन पेपरांच्या मध्ये अडीच तास मोकळे असतात. आईबाप दोन-दोन वर्षे शिकवणीची फी भरतात. सहा तासांच्या पेपरांची तयारी होते. पण त्या अडीच तासांचे काय करावयाचे, हे मुलाला कोणी सांगत नाही. ते सांगण्याचा अधिकार आम्हांला काय? आम्ही सातवीपुढे शाळा पाहिली नाही. जे वाचले ते नगर वाचनालयात. पण मधली सुटी म्हणजे काय, हे आम्ही जिनिंगमध्ये शिकलो. रुईच्या धुळीत सकाळपासून उभे राहावे आणि दुपारी भोंगा झाला की भाकरी सोडावी. त्या अर्ध्या तासावर उरलेला दिवस कसा जायचा, ते ठरे.

हा अर्धा तास कोणी दयेने दिलेला नाही. १८८४ साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. लोखंडे हे जोतिराव फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’ पत्राचे संपादक. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज त्यांनी सरकारने नेमलेल्या कारखाना आयोगाकडे पाठवला. मागण्या साध्या होत्या: रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली, आणि १८९१ च्या कायद्यात दुपारचा अर्धा तास आला. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने ठरवले की, पाच तासांहून अधिक काम सलग घ्यावयाचे नाही. मध्ये निदान अर्धा तास विश्रांती दिलीच पाहिजे.

त्या काळी मालक म्हणत, यंत्र थांबले की माल घटतो. आज काही पालक तसेच म्हणतात: “अडीच तास फुकट कशाला घालवतोस? दोन धडे वाचून काढ.” यावर दोन दाखले देतो. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये दारूगोळ्याचे कारखाने रात्रंदिवस चालत. १९१५ साली सरकारने तेथील कामगारांच्या प्रकृतीसाठी समिती नेमली. कामाचे तास कमी केले तरी माल घटत नाही, आणि थकलेल्या हातून चुका आणि अपघात वाढतात, असे तिच्या पाहणीत दिसून आले. दुसरा दाखला शाळेतला. डेन्मार्कमधील मुलांच्या सुमारे वीस लाख चाचण्या अभ्यासून २०१६ साली एक निबंध प्रसिद्ध झाला. दिवस जसजसा चढतो तसतसे गुण थोडे थोडे उतरतात, आणि वीस-तीस मिनिटांच्या सुटीनंतर ते पुन्हा सावरतात, असे त्यात दिसले. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, या सुटीचा लाभ अभ्यासात मागे असलेल्या मुलांना अधिक होतो.

तेव्हा मुलांनो, ही सुटी कामाचाच भाग समजा. बाहेर पडण्यात आणि पुन्हा तपासणीच्या रांगेत उभे राहण्यात वेळ जातो. म्हणून हाती खरा दीड तासच आहे असा हिशेब धरा. बाहेर येताच फाटकापाशी पोरांचे कोंडाळे जमते. “तुझे उत्तर काय आले?” तेथे थांबू नका. पहिल्या पाळीचा माल गोदामात गेला. आता त्याला हात लावता येत नाही. आधी लघवीला जाऊन या, मग जेवा. घरची पोळी, दहीभात, केळे. नेहमीचे अन्न, आणि तेही अर्धे पोट. शेगावची कचोरी आम्हांलाही प्रिय आहे, पण ती साडेपाचनंतर. पाणी घोट-घोट पीत राहा. सारी बाटली शेवटी रिकामी केलीत तर दुसऱ्या पेपरात उठावे लागेल. नंतर डोळ्यांवर रुमाल घेऊन वीस मिनिटे आडवे व्हा. झोप लागो न लागो, डोळ्यांना आणि पाठीला विसावा मिळतो. अर्ध्या तासाहून अधिक मात्र नको. अंग जड होते. उठल्यावर तोंड धुवा, सावलीत चार पावले चाला, प्रवेशपत्र आणि पेन जागेवर आहेत हे पाहा. सूत्रांचे एखादे पान पाहून धीर येत असेल तर पाहा, पण नवा धडा उघडू नका.

आणि याची सवय आधी करा. मागील वर्षांचे पेपर परीक्षेच्या अधिकृत संकेतस्थळावर फुकट मिळतात. दोन-तीन रविवार घरी त्याच वेळेला दोन्ही पेपर सोडवा, आणि मधली सुटीही तशीच घ्या.

पालकांना एकच विनंती. मूल बाहेर आले की “पेपर कसा गेला?” असे विचारू नका. “पाणी देऊ का?” असे विचारा, आणि ते निजले तर घड्याळ तुम्ही सांभाळा.

आता जे सांगण्यासाठी उभे राहिलो ते सांगतो. आडवे व्हा असे आम्ही म्हणालो. पण कोठे?

दोन वर्षांपूर्वी आमच्या एका सभासदाच्या मुलीबरोबर आम्ही अशाच एका केंद्रावर गेलो होतो. बारा वाजता मुले बाहेर आली आणि फाटक बंद झाले. काही मुले मोटारींत बसून हॉटेलच्या खोलीवर गेली. बाकीची आवाराच्या भिंतीला लागून बसली. भर दुपारी भिंतीची सावली केवढी असते? हातभर. मुलीने वर्तमानपत्र अंथरले, चार घास खाल्ले. निजायला जागा नव्हती. बाटलीतले पाणी कढत झाले होते. सायंकाळी ती म्हणाली, “काका, शेवटच्या तासाला पडद्यावरची अक्षरे हलत होती.”

श्रोतेहो, दीडशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात विश्रांतीची व जेवणाची खोली हवी, असे त्या १९४८ च्या कायद्यात होते. त्या कलमासाठी आम्ही अर्ज केले, धरणी धरली. आणि आमच्याच माणसाची लेक उन्हात बसली, तेव्हा ते कलम आम्हांला सुचले नाही. त्या दिवशी आमची आम्हांला लाज वाटली. दोघांना सुटी सारखीच अडीच तासांची होती; एकाला खोली मिळाली, दुसरीला भिंत. मग दुसरा पेपर दोघांचा सारखा कसा म्हणावा?

पुढच्या वर्षी आम्ही आदल्या दिवशीच गेलो. केंद्राजवळच्या एका समाजमंदिराची किल्ली मागून घेतली, सतरंज्या पसरल्या, दोन माठ भरले, एक पंखा उसना आणला. अकरा मुले निजली. एक म्हातारी दाराशी बसून घड्याळ पाहत होती. खर्च फार थोडा आला.

शेगावहून श्रीगजाननमहाराजांची पालखी पंढरपूरला निघते तेव्हा वाटेवरची गावे वारकऱ्यांना पाणी देतात, जेवू घालतात, ओसरी मोकळी करतात. तो धर्म आपल्याला शिकवावा लागत नाही. स्पर्धा परीक्षांतही सकाळ-दुपार दोन पेपर असतात, आणि त्यांचीही मुले दुपारभर रस्त्यावर बसतात. आपल्या गावी परीक्षा असेल त्या दिवशी केंद्राजवळची शाळा, मंगल कार्यालय, देवळाचा सभामंडप दोन तास मोकळा करा. आपली मुले परगावी जाणार असतील तर तेथल्या आपल्या माणसांना आधी पत्र घाला, फोन करा. ज्या मंडळांनी हा मांडव घातला त्यांच्यापाशी सतरंज्या आहेत, पंखे आहेत, उत्साही तरुण आहेत. व्याख्यानमाला संपली की हे सामान लगेच गोदामात टाकू नका, एवढेच आमचे मागणे आहे.

लोखंड्यांनी विसाव्याची वेळ मिळवून दिली. विसाव्याची जागा देणे आपल्या हाती आहे. येत्या परीक्षेच्या रविवारी आम्ही सतरंज्या घेऊन जाणार आहोत. ज्यांना बरोबर यावयाचे असेल त्यांनी सभा संपल्यावर आम्हांला येथेच भेटावे.