रिकाम्या हातानं रानात

 

आज सहलीबद्दल बोलायचं आहे. आपल्या गटांच्या सहली ठरलेल्या असतात. पंढरपूर, कोल्हापूरची अंबाबाई, नरसोबाची वाडी, ज्योतिबा. देवाला जायचं म्हटलं की घरातनं कुणी नाही म्हणत नाही, हे त्यामागचं खरं कारण. आमच्या गटानं सागरेश्वरचं जंगल बघायला जायचं ठरवलं, तेव्हा एका बाईला तिच्या सासूबाईंनी विचारलं, "तिथनं काय आणायचंय?" त्या माऊलीचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आपल्या आया-आज्या रानात गेल्या त्या काहीतरी आणायलाच गेल्या. सरपणाची मोळी, वैरणीचा भारा, शेण, करवंदं, केरसुणीचं गवत. डोक्यावर चुंबळ नाही आणि हातात विळा नाही, अशी बाई रानात कशाला जाईल?

बघायला जाईल. माझं आजचं बोलणं तेवढ्यासाठीच आहे.

सागरेश्वर आपल्याला नवं नाही. श्रावणी सोमवारी देवराष्ट्र्याजवळ देवाला जातो, पिंडीवर पाणी घालतो, त्या लहान लहान देवळांच्या गर्दीतनं एक फेरी मारतो, प्रसाद घेतो आणि वडापला हात करतो. वर डोंगर असतो, त्यावर झाडी असते, पण तिकडं पाय वळत नाहीत. अभयारण्य म्हणजे सरकारचं, पाटी लावलेलं, आपलं तिथं काय काम, असं आपण धरून चालतो.

तर ऐका. हे जंगल आधीपासूनचं नाही, माणसांनी लावलेलं आहे. हे डोंगर उघडेबोडके होते. आज साठी ओलांडलेल्या बायकांना विचारा, त्यांना ते आठवतील. मोहित्यांचे वडगावचे स्वातंत्र्यसैनिक धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला की या माळावर झाडं वाढवायची, आणि नुसती झाडं नाहीत, तर त्यात हरणंही नांदली पाहिजेत. लोक त्यांना वृक्षमित्र म्हणायचे. त्यांनी लोकांना हाताशी धरलं, सरकारच्या मागं लागले, आणि १९८५ साली इथं अभयारण्य झालं. त्याचं पूर्ण नाव यशवंतराव चव्हाण सागरेश्वर अभयारण्य. यशवंतरावांचा जन्म १९१३ साली शेजारच्या देवराष्ट्र्यातच झाला, म्हणून ते नाव. कडेगाव, पलूस आणि वाळवा हे तीन तालुके जिथं मिळतात तिथं हे जंगल आहे. क्षेत्र १०.८७ चौरस किलोमीटर. आपल्या हिशोबात सांगायचं तर २,७०० एकरांच्या जरा आत. राज्यातल्या मोठ्या अभयारण्यांपुढं हे लहानच, पण सगळीकडून कुंपण घातलेलं आहे आणि आतली बहुतेक जनावरं बाहेरून आणून सोडलेली आहेत.

पाण्याचा बारमाही झरा आत नाही. म्हणून वन खात्यानं पाणवठे बांधलेत, आणि उन्हाळ्यात ते टँकरनं भरावे लागतात. म्हणजे या जंगलालासुद्धा आपल्यासारखीच टँकरची वाट बघावी लागते. झाडंही तशीच, कमी पाण्यावर तगणारी. बाभूळ, खैर, आपटा, कडुनिंब, मधेमधे गवताचे पट्टे. कोकणातल्यासारखी गर्द राई शोधायला गेलात तर हिरमोड होईल. पावसाळा सरता सरता जा. तेव्हा गवत कमरेला लागतं, आणि वरच्या टोकावरून एका अंगाला कृष्णाकाठचा ऊस आणि दुसऱ्या अंगाला सोनहिऱ्याचं खोरं दिसतं. ज्या शेतात आपण वाकून खुरपतो ते शेत तिथनं हातरुमालाएवढं दिसतं. आमच्यातल्या एका काकूंनी आपलं रान ओळखायला अर्धा तास लावला, आणि ओळखल्यावर त्या तिथनं हलेचनात.

आता जनावरांचं. चितळ म्हणजे अंगावर पांढरे ठिपके असलेलं हरीण, ते कळपानं राहतं. सांबर थोराड, मातकट रंगाचं, ते झाडीत दडून असतं आणि संध्याकाळी बाहेर पडतं. काळवीट उघड्या गवतावर दिसतं. त्यातला मोठा नर पाठीवर काळा आणि पोटाखाली पांढरा, शिंगं पिळाची. मादी फिकट तपकिरी. शिंगांची एक गंमत सांगते. चितळ आणि सांबराच्या नराची शिंगं झडतात आणि पुन्हा नवी येतात. काळविटाची झडत नाहीत, आपल्या बैलासारखी ती जन्मभर राहतात. झडलेलं शिंग वाटेत पडलेलं दिसलं तर उचलू नका. औषधाला उगाळायला म्हणून ते घरी आणायची जुनी सवय आपल्याकडं आहे, पण अभयारण्यातनं शिंगच काय, वाळकी काटकीही आणणं गुन्हा आहे. आणखी एक. गवतात पाडस एकटं बसलेलं दिसलं, तर ते टाकलेलं आहे असं समजून हात लावू नका. आई चरायला गेलेली असते, आणि ती येईपर्यंत पिल्लू गप पडून राहतं. आपणही तान्ह्याला बांधावर झोळीत ठेवून भांगलायला जातोच की.

मोठ्यानं बोललं तर काही दिसत नाही. हे आम्हां वीस बायकांना फार अवघड गेलं. पण पहिल्या तासानंतर सगळ्या आपोआप गप्प झाल्या. त्या शांततेत चितळाची खणखणीत हाक ऐकू आली. काही धोका वाटला की ते असं ओरडतं आणि पुढचा पाय जमिनीवर आपटतं. ओरडलं ते आम्हांलाच बघून, हे वाटाड्यानं सांगितल्यावर सगळ्या तोंडाला पदर लावून हसल्या.

आता जरा लांबची गोष्ट सांगते, इंग्लंडातली. तिथं लोक सुट्टीत गावाबाहेरच्या राईत नुसते चालायला जातात, हा त्यांचा जुना शौक. पण ते रानही फुकट मोकळं राहिलेलं नाही. लंडनच्या जवळ एपिंग फॉरेस्ट नावाचं जंगल आहे. त्याच्या कडेला लाउटन हे गाव. तिथल्या गोरगरिबांना थंडीच्या दिवसांत सरपणासाठी झाडांच्या फांद्या छाटायचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क होता. जनावराचं तोंड पोचणार नाही इतक्या उंचीवर छाटायचं, म्हणजे बुंधा जगतो आणि पुन्हा फुटतो. आपण शेळ्यांसाठी शेवरी छाटतो तसंच. पुढं जमीनमालकानं रानाला कुंपण घालायला काढलं. थॉमस विलिंगेल नावाचा गावचा मजूर मागं हटला नाही, तो छाटायला जातच राहिला, आणि त्याच्या घरच्या तरुणांना १८६६ साली तुरुंगात जावं लागलं. कज्जा वर्षानुवर्षं चालला. शेवटी १८७८ साली कायदा झाला की हे जंगल कुणी कुंपणात घालायचं नाही, ते लोकांना फिरायला कायम मोकळं राहील. १८८२ साली राणी व्हिक्टोरिया स्वतः तिथं आली होती. पण त्याच कायद्यानं फांद्या छाटायचा हक्क संपला. त्याच्या बदल्यात गावाला ७,००० पौंड मिळाले आणि त्यातनं सगळ्यांच्या उपयोगाचं एक सभागृह उभं राहिलं, १८८४ साली. त्याचं नाव लॉपिंग हॉल, म्हणजे फांद्या छाटणाऱ्यांचं सभागृह. ते अजून आहे.

मला या गोष्टीतलं सभागृह महत्त्वाचं वाटतं. जंगल सगळ्यांचं झालं, तेव्हा कुणाचं काय गेलं हे निदान लिहिलं गेलं, मोजलं गेलं.

आपल्याकडं काय गेलं? डोंगराकडच्या गावांची चराई गेली, सरपण गेलं. शेळ्या ज्या बाईच्या, तिची पायपीट वाढली. आता बऱ्याच घरी गॅस आला, तरी पाणी तापवायला चूल पेटतेच. आणि दुसरं म्हणजे हरणं. कुंपण कुठं मोडतं, कुठं वाकतं, आणि कळप हरभऱ्यात उतरतो. रात्रीची राखण करून आलेली बाई सकाळी पुन्हा भाकरी थापायला बसते. हरणं सुंदर दिसतात हे खरं, पण आपल्या हरभऱ्यात नाही! या जंगलाचं मोल या बायकांनी भरलेलं आहे. म्हणून तर मी म्हणते की ते बघायचा पहिला मान त्यांचा.

नुकसान झालं तर काय करायचं, तेही लिहून घ्या. वन्य प्राण्यांनी पीक खाल्लं तर सरकारकडून भरपाई मिळते. त्यासाठी तीन दिवसांच्या आत जवळच्या वनरक्षकाकडं किंवा वन खात्याच्या कार्यालयात तक्रार द्यायची. पंचनामा होईपर्यंत रान तसंच ठेवायचं, मोडलेलं पीक वैरणीला कापायचं नाही. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पावलांचे ठसे दिसत असतील तर त्यांचाही काढा. सातबाऱ्याचा उतारा आणि बँकेचं पासबुक लागतं. सातबारा घरधन्याच्या नावावर असतो, राखण आपण केलेली असते, आणि तक्रार द्यायला "उद्या जातो, परवा जातो" म्हणत तीन दिवस निघून जातात. तेव्हा गटातल्या दोघीतिघींनी हे काम अंगावर घ्या. ज्या दिवशी नुकसान, त्याच दिवशी अर्ज. आणि तक्रार पोचल्याची सही घेतल्याशिवाय तिथनं उठू नका.

सहलीला जाणार असाल तर सकाळी लवकर पोचा, ऊन चढलं की जनावरं सावलीला बसतात. आधी वन खात्याकडं चौकशी करा, प्रवेश फी आणि वेळ विचारून घ्या, सोबत वाटाड्या मागा. साडी मळकट रंगाची नेसा, पायात चप्पल नको, बूट असतील तर बूट घाला, कारण काटे फार आहेत. पाणी घरून न्या. भाकरी-पिठलं फडक्यात बांधून न्या, म्हणजे प्लॅस्टिकचा कचरा होणार नाही. गुडघे दुखणाऱ्या बायकांनी सगळा डोंगर चढायचा हट्ट धरू नये, खालच्या वाटेवरही पुष्कळ दिसतं.

आणि वाटाड्या बरोबर असेल तेव्हा त्याला विचारा की कुंपण कुठं मोडलंय. आम्ही विचारलं. त्यानं दोन ठिकाणं दाखवली. त्यातलं एक आमच्याच गावाच्या अंगाला होतं, आणि गटानं पुढच्या बैठकीत त्याचा ठराव लिहून वन खात्याला दिला.

ज्या गटांना जायचं आहे त्यांनी आपापल्या सचिवांकडं नावं द्या.