टाकाऊ पेटींतून उपजलेलें संगीत

१२ जुलै १९७९ रोजीं शिकागो शहरांतील कॉमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानावर एक विलक्षण होळी झाली. डिस्को संगीताची तबकडी आणून देणारास त्या दिवशीं ९८ सेंटांत प्रवेश होता. दोन सामन्यांच्या मधल्या वेळांत तबकड्यांनीं भरलेली पेटी स्फोटानें उडविण्यांत आली आणि हजारों प्रेक्षक मैदानांत घुसले. व्हिन्स लॉरेन्स नांवाचा कृष्णवर्णी मुलगा तेथें प्रेक्षकांना जागा दाखविण्याचें काम करीत होता. लोकांनीं आणलेल्या पुष्कळशा तबकड्या डिस्कोच्या नव्हत्याच, नुसत्या कृष्णवर्णी गायकांच्या होत्या, असें त्यानें पुढें सांगितलें आहे. तेव्हां हा राग केवळ तालावरचा होता असें म्हणणें कठीण. आणि ही नोकरी त्यानें धरली होती ती सिंथेसायझर घेण्यापुरते पैसे सांठावे म्हणून! १९८४ सालीं जेसी सॉन्डर्सच्या जोडीनें त्यानें रचलेलें ‘ऑन अँड ऑन’ हाउस संगीताच्या अगदीं पहिल्या तबकड्यांत मोजलें जातें.

त्या काळीं असें वाद्य घेणें सोपें नव्हतें. रोलंड या जपानी कंपनीच्या ज्युपिटर-८ ची किंमत ५,००० डॉलरांहून अधिक होती. त्याच कंपनीनें १९८१ सालीं टीबी-३०३ ही लहानशी पेटी काढली. एकट्या गिटारवादकाला बेस गिटारची साथ मिळावी, हा तिचा हेतु. परंतु तिचा आवाज बेस गिटारसारखा मुळींच येईना, आणि तींत स्वर भरण्याची रीत तर वादकाचा अंत पाहणारी! १९८४ त ती बंद पडली. सुमारें १०,००० पेट्या निघाल्या होत्या. त्या जुन्या बाजारांत मातीमोलानें जाऊं लागल्या. गरिबाच्या हातीं वाद्य आलें तें या अपयशामुळें, कंपनीच्या औदार्यामुळें नव्हे.

शिकागोच्या फ्यूचर या त्रिकूटानें पेटी वाजत असतांनाच तिच्या खुंट्या पिळण्यास आरंभ केला. त्यांतून निघालेला किंचाळणारा, मुरडत जाणारा स्वर म्हणजेच १९८७ चें ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’. रॉन हार्डीनें म्यूझिक बॉक्स या नृत्यगृहांत तें प्रथम लावलें तेव्हां नाचणारे बाजूला झाले. त्याच रात्रीं चौथ्यांदा लावलें तेव्हां तेच बेभान झाले.

मौज अशी कीं ही पेटी तत्पूर्वींच मुंबईंत वाजून गेली होती. हिंदी चित्रपटांतील वादक चरणजित सिंग यांनीं १९८२ सालीं ती आणि ज्युपिटर-८ घेऊन दहा रागांची तबकडी केली. तिला गिऱ्हाईक मिळालें नाहीं. २०१० त ती हॉलंडमधून पुन्हां निघाली, तेव्हां सत्तरीच्या सिंगांना युरोपांतून बोलावणीं येऊं लागलीं. मातीमोलाची ती पेटी आज जुन्या बाजारांतच हजारों डॉलरांस विकली जाते.