कुंडीतलं ऑर्किड आणि आंब्यावरची वेणी

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या महिला मेळाव्यात केलेले भाषण)



सूत्रसंचालन करणाऱ्या वहिनींनी आत्ता माझी ओळख ‘ऑर्किडतज्ज्ञ’ अशी करून दिली. तसं काही नाही हो. माझ्या हातून तीन ऑर्किडं मेली, चौथं जगलं. त्या तिघांनी जे शिकवलं तेवढंच मी सांगणार आहे.

पहिलं मुलीने वाढदिवसाला आणलं होतं. जांभळ्या फुलांचं, फॅलेनॉप्सिस. फुलं दोन महिने टिकली. मी रोज तुळशीला पाणी घालते, तसं त्यालाही तांब्याभर घालायचे. फुलं गळाली तेव्हा वाटलं, माती कमी पडतेय. म्हणून लाल माती आणि शेणखत घालून मोठ्या कुंडीत लावलं. पंधरा दिवसांत पानं लुळी पडली. उपटून बघते तर मुळ्यांचा चिखल! आपल्या शहापूर तालुक्यात भातसा, तानसा अशी धरणं असून उन्हाळ्यात पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. अशा ठिकाणी मी एक झाड पाण्यात बुडवून मारलं, याची जास्त लाज वाटली.

मग कळलं की हे मातीतलं झाडच नाही. रानात ते फांदीवर बसतं आणि मुळ्या हवेत सोडतं. मुळीवर स्पंजासारखं आवरण असतं. ते सुकलं की रुपेरी दिसतं, पाणी प्यायलं की हिरवं होतं. मुळी रुपेरी दिसली की पाणी द्यायचं, हिरवी असेल तर हात आवरायचा. बोटाने माती चाचपायची गरजच नाही, कारण माती घालायचीच नाही. नारळाच्या सोडणाचे तुकडे, लोणारी कोळसा आणि विटांचे खडे बाजूला भोकं असलेल्या कुंडीत भरा, झालं. कुंडीबाहेर लोंबणाऱ्या मुळ्या कापू नका. मी दुसऱ्या झाडाच्या ‘नीटनेटकं दिसावं’ म्हणून कापल्या होत्या.

तिसरं पावसाळ्यात गेलं. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको, जुलैत कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी येते. मी कुंडी ग्रिलमध्ये उघडी ठेवली, पानांच्या मधल्या खोबणीत पाणी साचलं आणि शेंडा कुजला. आता जून ते सप्टेंबर कुंडी छपराखाली ठेवते, पण वारा लागेल अशा जागी. पाणी कधी आठवड्याने, कधी तेही नाही. खोबणीत थेंब दिसला तर कापसाने टिपून घेते. एप्रिल-मेमध्ये मात्र सकाळी लवकर पाणी, आणि दुपारचं ऊन अजिबात नाही. पूर्वेची खिडकी सगळ्यात बरी. पानं काळपट हिरवी झाली तर उजेड कमी पडतोय, पिवळट झाली तर जास्त होतोय. खत पंधरा दिवसांनी, १९:१९:१९, लिटरभर पाण्यात पाव चमचा. जास्त घातलं तर मुळ्या करपतात.

माझ्या बहिणीकडे मुंबईत या झाडाची पानं माझ्याकडच्यापेक्षा मोठी आहेत, पण फूल नाही. कारण फॅलेनॉप्सिसला फुलाचा दांडा काढायला काही आठवडे रात्रीचा गारवा लागतो. तो आपल्याला कसारा घाटाच्या पायथ्याशी डिसेंबरात फुकट मिळतो! उंबरमाळीत राहण्याचा हा फायदा लोकल चुकल्यावर आठवायचा.

आता जरा दुसरी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी आपल्या मागच्या आंब्याची छाटणी झाली. पाड्यावरून आलेल्या काकांनी वरून विचारलं, “ताई, ह्ये पण काढू का?” खालून मीच ओरडले, “काढा, बांडगूळ आहे.” संध्याकाळी कचऱ्याच्या ढिगात बघते तर त्याच रुपेरी मुळ्या. काका म्हणाले, “बांडगूळ नाय ते, नुसतं बसलंय झाडावर.” खरंच होतं. बांडगूळ झाडात मुळं रुतवून त्याचा रस पितं. ऑर्किड फांदीवर फक्त बसतं, पाऊस आणि हवेवर जगतं. आंब्याचं ते काही खात नाही.

ती सीतेची वेणी होती. आसाममध्ये बिहूला बायका हीच फुलं केसांत माळतात, त्यांचं ते राज्यफूल आहे. घरात तीन कुंड्या मारून मी शहाणी झाले होते, आणि अंगणात न लावता आलेलं, कुणी पाणी न घातलेलं झाड मीच खाली पाडलं. तेही सहज परत येणारं नाही. याच्या एका शेंगेत धुळीसारखं असंख्य बी असतं, पण त्यात अन्नाचा साठा नसतो. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं. म्हणून घाटात रस्त्याकडेला कुणी रानातून ओरबाडलेले गड्डे विकत असेल तर घेऊ नका. रोपवाटिकेत मिळणारं रोप प्रयोगशाळेतल्या बाटलीत वाढवलेलं असतं, घरासाठी तेच घ्या.

ढिगातले पाच गड्डे आम्ही त्याच रात्री सुतळीने फांद्यांना बांधले. तीन वाळले. दोघांनी पावसाळ्यात नवीन मुळ्या सोडून साल पकडली. त्यातल्या एकाला यंदा मेअखेरीस वीतभर गुलाबी-पांढरा तुरा लोंबला. पाण्याच्या टाकीजवळ उभं राहिलं की पानांतून दिसतो.

सेक्रेटरींनी छाटणीच्या कामाच्या यादीत आता एक ओळ वाढवली आहे: ‘बांडगूळ काढण्यापूर्वी ताईंना हाक मारणे.’ मी दुपारी झोपलेली असले तरी मारा.