बाहेरगावच्या मुक्कामाचा हिशोब
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आयोजकांनी मला दहा मिनिटं दिलीत आणि विषय माझ्यावर सोडलाय. मी करसल्लागार. तेव्हा कविता वगैरे अपेक्षू नका.

कालपासूनच्या गप्पांत एक गोष्ट लक्षात आली. आपल्यातले बरेच जण नोकरीत नाहीत. कुणी इंटिरियरची कामं घेतं, कुणी सोलर बसवतं, कुणी लग्नसराईत कॅमेरा घेऊन गावोगाव फिरतं. नोकरदाराला कंपनी प्रवासभत्ता देते. आपल्याला लॉजचं भाडं स्वतःच्या खिशातून भरावं लागतं. काल एकजण म्हणाला, भाडं वाचवायला तो साइटवरच सिमेंटच्या गोण्यांशेजारी झोपतो. या वयात! हा खर्च हिशोबात धरता येतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मूळ नियम १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ३७(१) मधला. संपूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी केलेला खर्च नफ्यातून वजा होतो. वैयक्तिक आणि भांडवली खर्च होत नाही. पुण्यात घर-ऑफिस असलेला माणूस कामासाठी नांदेडला आठ दिवस राहिला, तर लॉज आणि प्रवास हा धंद्याचा खर्च. बायको-मुलं सोबत असतील तर त्यांचा वाटा नाही. आणि नांदेडलाच बिऱ्हाड थाटलं, तर ते भाडं वैयक्तिक झालं.

अशा बिऱ्हाडाच्या भाड्यासाठी त्याच कायद्यातलं कलम ८०जीजी, पण जास्तीत जास्त महिना ५,००० रुपये, तेही फक्त जुन्या करप्रणालीत. शिवाय जिथे धंदा करता तिथे तुमचं, जोडीदाराचं किंवा अज्ञान मुलाचं घर नसावं. नव्या प्रणालीत सगळ्या वजावटी गेल्या, असं मात्र समजू नका. धंद्याचा खर्च तिथेही वजा होतो.

आता एक मेख. १९६१ च्याच कायद्याच्या कलम ४४एडीए खाली इंजिनिअर, डॉक्टर, वकील, इंटिरियरवाले जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवू शकतात. सोपं आहे; पण मग लॉजचं बिल वेगळं वजा होत नाही, ते उरलेल्या निम्म्यातच आलं. समजा जमा ४० लाख आणि खरा खर्च २६ लाख. निम्म्याच्या हिशोबाने उत्पन्न २० लाख, प्रत्यक्षात १४ लाख. म्हणजे सहा लाखांवर उगाच कर. पण १४ दाखवायचे तर वह्या ठेवा आणि ऑडिट करून घ्या. दोन्ही बाजू मांडून मगच ठरवा.

गणिताचे सर आठवतात? उत्तर बरोबर असलं तरी रीत नसेल तर गुण कापायचे. आयकर अधिकारीही तेच करतात. बिल स्वतःच्या किंवा फर्मच्या नावाने घ्या. त्यावर कोणत्या कामासाठी मुक्काम होता ते लिहा, कामाची ऑर्डर सोबत जोडा. एका दिवसात एकाच माणसाला १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर तो खर्च नामंजूर होतो. म्हणून ऑनलाइन द्या. हॉटेलवरचा जीएसटी हॉटेल असलेल्या राज्याचा असतो. महाराष्ट्रात नोंदणी असलेल्याला इंदूरच्या मुक्कामाचं क्रेडिट मिळत नाही.

वजावट म्हणजे पूर्ण पैसे परत नव्हेत. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर हजारामागे साधारण तीनशे वाचतात. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू, म्हणजे त्यात कलमांचे आकडे वेगळे. बिल जपून ठेवण्याची गरज बदलणार नाही.

तेव्हा मित्रांनो, खोटं बिल एकही नको आणि खरं बिल एकही टाकून देऊ नका. आणि गोण्यांशेजारी झोपणाऱ्या दोस्ता, पुढच्या वेळी खाट असलेली खोली घे. जेवणानंतर शंका विचारायला या, फी नाही.