पाचटातील ऊर्जा

कृष्णा-तारळीच्या संगमावरील उंब्रज परिसरात ऊस तुटला, की अनेक शेतांत पाचट पेटते. हेक्टरी सुमारे ८ ते १० टन पाचट असे धुरात जाते. सरीत कुजवावे हे उत्तमच. पण जे जाळायचेच, त्याचा बंद पिंपात, हवा न लागू देता, कोळसा होतो. ही रीत पुण्याच्या 'आरती' संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या नेतृत्वाखाली विकसित केली. २००२ साली तिला अ‍ॅश्डेन पुरस्कार लाभला. गौरव झाला, बांधावरचा जाळ मात्र विझला नाही.

१९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात सातारा जिल्हा येतो. भट्टी उभारू पाहणाऱ्या तरुणास कोळशाची उष्णता मोजून देणारी प्रयोगशाळा आणि पहिल्या हंगामाचे भांडवल विद्यापीठाकडून मिळावे. जागा ग्रामपंचायत देऊ शकेल.