झिजलेला टायर काय सांगतो?

(शासकीय वाहनांची देखभाल पाहणाऱ्या अधिकारी-कर्मचाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानातून)



प्राथमिक आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका असो वा पंचायत समितीची गाडी असो, टायर झिजला की मागणीपत्र जाते, नवा टायर येतो, जुना निर्लेखनाच्या ढिगात पडतो आणि प्रकरण मिटते. परंतु एका कडेने गोटा झालेला आणि दुसऱ्या कडेने नक्षी शाबूत असलेला टायर हा नुसता झिजलेला टायर नसतो. गाडीत काय बिघडले आहे याची नोंद तो अंगावर घेऊन आलेला असतो. ती न वाचता नवा टायर चढविला, तर त्याचीही तीच गत व्हावयाची.

खर्चाचे सोडा, भर पावसात रुग्णाला घेऊन निघालेल्या गाडीच्या टायरला पाणी बाजूला सारण्याइतकी खाच उरली नसेल, तर ब्रेक दाबूनही गाडी वेळेवर थांबत नाही. मोटारीच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरपेक्षा कमी खोल असू नये, असा केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ चा दंडक आहे. खाचेच्या तळाशी आडवे उंचवटे असतात. नक्षी त्यांच्या पातळीला आली की मर्यादा संपली. मात्र ही खोली आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशा तिन्ही ठिकाणी पाहावी. आतली कड वाकल्याशिवाय दिसत नाही, आणि बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या टायरच्या आतून तारा डोकावत असल्याचे अनेकदा आढळते.

दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत राहिला, तर हवा कमी होती. केवळ मध्य झिजला, तर हवा जास्त होती. योग्य दाब चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर अथवा गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. टायरच्या अंगावर छापलेला आकडा हा कमाल मर्यादेचा असतो, तो भरावयाचा नव्हे. दाब सकाळी, गाडी निघण्यापूर्वी, टायर थंड असताना मोजावा.

एकच कड गुळगुळीत झिजली असेल, तर चाक उभ्या रेषेतून आत वा बाहेर कलले आहे असा संशय घ्यावा. यालाच कॅम्बर म्हणतात. बसलेली स्प्रिंग किंवा झिजलेला बॉल जॉइंट हे त्याचे नेहमीचे कारण. मात्र घाटातील वळणे रोज घेणाऱ्या गाडीच्या पुढच्या टायरांच्या बाहेरच्या कडा जुळणी बिनचूक असूनही थोड्या अधिक झिजतात; त्याचा दोष मेकॅनिकला देऊ नये.

नक्षीवरून तळहात आडवा फिरवून पाहा. एका दिशेने जाताना गुळगुळीत लागते आणि परतताना करवतीसारखे बोचते, असे झाले तर दोष ‘टो’चा आहे. दोन्ही पुढच्या चाकांची तोंडे प्रमाणाबाहेर आत वळलेली आहेत किंवा बाहेर फाकलेली आहेत. हा दोष डोळ्यांना दिसत नाही, पण नुकसान किती करतो ते पाहा. पंधरा इंची रिमवर मोजता दोन्ही चाकांत मिळून तीन मिलिमीटरची चूक असेल, तर प्रत्येक चाक दर किलोमीटरमागे हिशेबाने सुमारे चार मीटर आडवे घासले जाते. दहा हजार किलोमीटर गाडी चालली म्हणजे टायर जवळजवळ चाळीस किलोमीटर फरफटला!

तालुक्याच्या ठिकाणी यंत्र नसले तरी अंदाज घेता येतो. सपाट जागी पुढची चाके उचलून फिरवावीत आणि टेकविलेल्या खिळ्याने प्रत्येक टायरच्या मध्यावर बारीक रेघ ओढावी. मग गाडी खाली घेऊन थोडी पुढे ढकलावी व दोन रेघांमधील अंतर आसाच्या उंचीवर चाकांच्या पुढच्या आणि मागच्या बाजूस मोजावे. दोहोंतील फरक हाच टो. तो पुस्तिकेतील मापाशी ताडून पाहावा.

ठिकठिकाणी खोलगट चट्टे पडले असतील तर शॉक अॅब्सॉर्बर थकले आहेत किंवा बॅलन्सिंग बिघडले आहे. ठराविक वेगाला स्टिअरिंग थरथरते, तेही बहुधा बॅलन्सिंगमुळेच; त्यासाठी अलाइनमेंटचे पैसे मोजण्यात अर्थ नाही. गाडी एका बाजूला ओढत असेल तर प्रथम दोन्हीकडची हवा सारखी करावी, चाक ब्रेकला घासते काय ते पाहावे, आणि टायर एका दिशेने फिरण्यासाठी बनविलेले नसतील तर पुढचे दोन आपसांत बदलावेत. ओढ बाजू बदलली, तर दोष टायरचाच. आपल्याकडे गाडी डावीकडून चालते आणि रस्त्यालाही डावीकडे उतार असतो, तेव्हा किंचित डावीकडे जाणे हा बिघाड नव्हे.

आता देयकाविषयी. टाय रॉडच्या टोकाला किंवा बुशला खेळ असताना केलेले अलाइनमेंट पहिल्याच खड्ड्यात बिघडते. चाक उचलून हलवून पाहिले होते काय, हे आधी विचारावे. संगणकीय यंत्रावर दुरुस्तीपूर्वीचे आणि नंतरचे असे दोन्ही आकडे निघतात. तो कागद देयकासोबत मागावा. केवळ नंतरचे आकडे आले, तर नेमके काय सुधारले हे लेखापरीक्षकालाही कळणार नाही आणि तुम्हालाही नाही. त्या कागदावर चारही टायरांचे क्रमांक आणि त्या दिवशीचे किलोमीटर लिहून तो लॉगबुकात लावावा, म्हणजे पुढचे मागणीपत्र येईल तेव्हा टायर किती चालला हे चालकाला विचारावे लागणार नाही.